भोर–वाई, कच्च्या वाटेनं: मार्ग आखणीच्या नोंदी

१९ मे २०२४

काम असं ठरलंय: सायकलीवर नसरापूरहून भोर, भोरहून मांढरदेवीचा घाट चढून वाई, आणि तिथून मेणवली–धोम. तीन दिवस, जमेल तितका कच्चा रस्ता, हायवेला चाक लावायचं नाही. जानेवारीत सहा-सात जण येणार, त्यातल्या दोघांनी पन्नाशी ओलांडलेली. म्हणजे सायकल खांद्यावर मारायची वेळ येता कामा नये आणि दोनेक तासांत कुठंतरी चहा मिळाला पाहिजे.

फोनवरच्या नकाशाचा इथं फारसा उपयोग नाही. त्याला रेघ दिसली की रस्ता. ती रेघ मुरमाची आहे, सोलिंग, म्हणजे पायाचे मोठे दगड, टाकून सोडलेली आहे की दोन वर्षांपूर्वीच कुणी नांगरून आत घेतलीय, हे त्याच्या गावीही नसतं. तेव्हा स्वतः फिरून प्रत्येक तुकड्यापुढं अक्षर लिहायचं: म म्हणजे दाबून बसलेला मुरूम, ख म्हणजे सुटी खडी, स सोलिंग, चि चिकणमाती, डां डांबर. अक्षरापुढं महिना. महिन्याशिवाय अक्षराला अर्थ नाही.

आज भाटघरच्या काठानं भुतोंड्याच्या दिशेला. भुतोंडे हे येसाजी कंकांचं गाव, आणि धरणाच्या जलाशयालाही त्यांचंच नाव. धरण १९२८ सालचं, तेव्हा गव्हर्नर लॉइडच्या नावाचं. पाणी तळाला गेलंय, कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ पूर्ण उघडं पडलंय. वर्षातले बरेच महिने ते पाण्याखाली असतं. वाळलेल्या गाळावरून सकाळी आठपर्यंत सायकल फरशीवरून धावल्यासारखी धावली. पुढं गाळाला भेगा पडल्यात, बोटभर रुंद, नेमक्या टायर अडकेल अशा.

मजा आली, पण जानेवारीत हा सगळा तुकडा पाण्यात असणार. मार्गातून वगळला. सोबतचा मित्र हळहळला. त्याला म्हटलं, मे महिन्यात वेगळा ये.

६ जून

भूमी अभिलेखमधून काही गावांच्या नकाशांच्या नकला आणल्या. आतापर्यंतचा सगळ्यात कामाचा कागद हाच. गाव नकाशावर तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीवाट, तुटक एकेरी म्हणजे पायवाट. रुंदीही ठरलेली: पायवाट सव्वाआठ फूट, गाडीवाट साडेसोळा ते एकवीस फूट. हे विचित्र आकडे आले कुठून असं वाटतं, पण जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे सोळा आणे. अर्धी साखळी, म्हणजे आठ आणे, ती गाडीवाट. पाव साखळी ती पायवाट. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, हे तर शेतीवाल्या घरातल्या पोरालाही पाठ असतं.

नकाशावर साडेसोळा फूट आणि जागेवर जेमतेम चार, असं बऱ्याच ठिकाणी निघणार. दोन्ही बाजूंचे बांध दरसाल वीतभर सरकतात आणि पाणंद मधल्यामध्ये चिरडते. त्याचे दावे तहसीलदारापुढं चालतात, त्यासाठी १९०६ सालचा मामलेदार न्यायालय कायदा अजून वापरात आहे. कुणाच्या दाव्यात आपली सायकल घालायची नाही. बांधावर भांडण दिसलं की तो तुकडा सोडायचा.

१६ जून

पहिल्या दमदार पावसानंतर मुद्दाम बाहेर पडलो. नसरापूर ते भोर, आतल्या वाटांनी. मुरमाच्या वाटेवर पाणी जिरलं आणि तासाभरात ती आधीपेक्षा घट्ट झाली. भातखाचरांच्या कडेची माती मात्र चि, ठळक अक्षरात. शंभर पावलांत मागचं चाक फिरायचं थांबलं. काडीनं खरवडायचं, पुढं जायचं, परत खरवडायचं.

तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, खाचरात काम करणाऱ्या आजी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, “पाव्हणं, खांद्यावरच न्यायाची हुती तर आणलीच कशाला?”

जून ते सप्टेंबर मार्ग बंद, असं फाईलच्या पहिल्याच ओळीत.

जुलैभर, सवडीनं

पाऊस आहे तोवर सायकलीचं काम. कच्च्या रस्त्यासाठीची नवीन ग्रॅव्हल बाइक घ्यायची नाही हे आधीच ठरलेलं. क्रोमोलीच्या, म्हणजे हलक्या पोलादाच्या, फ्रेमची जुनी हायब्रिड आहे, डिस्क ब्रेकची सोय असलेली, तिच्यावरच भागवायचं.

टायर: ४० मि.मी. रुंदीचे, ट्यूबलेस. चेनस्टेपाशी, म्हणजे मागच्या चाकालगतच्या फ्रेमच्या दांड्यांपाशी, दोन्ही बाजूंना सहा-सात मि.मी. मोकळी जागा उरते. सहाच्या खाली गेलं की जूनसारखं होतं, चिखल आणि बारीक खडे आत अडकून फ्रेमचा रंग सोलून काढतात. ४५ चे टायर बसतात असं सायकलवाला म्हणतो. बसतील, पण फिरणार नाहीत.

ट्यूबलेस कशासाठी, तर बाभूळ आणि सराटे. भोरच्या बाजूला एवढा त्रास नाही, पण घाट उतरून वाईच्या अंगाला आलं की पडीक रानाकडेच्या वाटांवर सराटे पसरलेले असतात. ट्यूब असेल तर पंक्चर काढण्यातच दुपार जाते. टायरात सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं पातळ द्रव, असलं की काटा उपटायचा, भोक खाली येईल असं चाक फिरवून धरायचं, फुस्स आवाज बंद झाला की चालू पडायचं. आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर आटतं, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह उघडून बघायचं आणि भर घालायची. हे काम जानेवारीच्या आधी सगळ्यांकडून करून घ्यायचंय.

गिअर: पुढं एकच चकती, ३८ दात्यांची, मागं ११ ते ४२. सगळ्यात हलक्या गिअरला पॅडलच्या एका फेऱ्यात साधारण दोन मीटर अंतर. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी सात किलोमीटर. सामानासकट नव्वद किलो वजन दहा टक्के चढावर या वेगानं न्यायचं तर पायांतून दोनशे वॅट निघायला हवेत. ते मला वीस मिनिटं जमतं, तासभर नाही. घाट तासाहून मोठा आहे. म्हणून पुढची चकती ३४ ची मागवली. वेग आणखी कमी होईल, पण सायकल सरळ राहील आणि मी तिच्यावर.

हवा: पुढं ३२, मागं ३६ पीएसआय. डांबरावर थोडं जड जातं. खडीवर याहून जास्त हवा असली की दात वाजतात.

११ ऑगस्ट

वरंधा घाट पावसापायी बंद-चालू. आपल्या मार्गात तो नाही, पण तिकडची काही वाहतूक अशा वेळी फिरून दुसरीकडे जाते, तेवढं ध्यानात ठेवायचं. बाकी काही नाही. चेन धुतली.

२१ सप्टेंबर

भोरच्या दक्षिणेला जूनमध्ये म लिहिलेल्या एका वाटेवर आज गेलो, तर वाट गायब. म्हणजे वाट आहे, पण तिच्यावर खडी आलीय.

रस्ता कसा होतो हे ज्यानं बघितलं नाही त्याला याचा त्रास कळणार नाही. आधी सोलिंग, मोठे दगड हातानं लावलेले. त्यावर खडी, साठ-चाळीसच्या मापाची, काळ्या पाषाणाची, क्रशरमधून निघाल्यामुळं प्रत्येक खड्याला धार. मग मुरूम पसरून पाणी मारायचं आणि रोलर फिरवायचा, म्हणजे मुरूम खडीच्या फटींत बसून सगळं एकजीव होतं. स्कॉटलंडच्या मॅकॅडमनं दोनशे वर्षांपूर्वी बांधून दिलेल्या पद्धतीचंच हे पुढचं रूप. मुरूम बसून रोलर फिरलेला रस्ता म्हणजे सायकलीसाठी स्वर्ग. पण रोलर यायच्या आधीची सुटी खडी म्हणजे चालणंसुद्धा मुश्कील. पुढचं चाक एकीकडे, मागचं दुसरीकडे, आणि पडलं तर ढोपराची खैर नाही. बिल निघेपर्यंत रस्ता याच अवस्थेत महिनोन् महिने राहू शकतो. सध्या मात्र घाई आहे, निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या आत नारळ फुटले पाहिजेत. भोर ते अंबवडे पट्ट्यात जिथं तिथं खडीचे ढीग आणि उलटे ठेवलेले डांबराचे पिंप.

ढिगावर बसलेल्या एका काकांना विचारलं, कधी होणार पुरा? त्यांना वाटलं मी तक्रार करतोय, थोडीफार होतीच. म्हणाले, “हुईल दिवाळीपतूर. रस्ता झाला की येस्टी वरपतूर यील. पोरी कालेजला जायला रोज दोन मैल चालत्यात पावसाची. तुमची सायकल काय हो, कुठनं बी जाईल.”

यावर बोलायला जागा नाही. इटलीत तोस्कानातल्या गायोले गावी १९९७ साली जानकार्लो ब्रोची यांनी ‘एरोइका’ सुरू केली, जुन्या सायकलींवरून पांढऱ्या मातीच्या रस्त्यांची सफर, पहिल्या वर्षी ९२ जण होते. ते रस्ते डांबराखाली जाऊ नयेत हा त्यामागचा हेतू, आणि तो बराचसा साधला. आमच्या ग्रुपवर कुणी ना कुणी तो दाखला देतंच. पण कियांतीतल्या द्राक्षमळ्यांकडं जाणारा रस्ता पांढरा राहिला तर पाहुण्यांना आवडतो. इथं रस्ता कच्चा राहिला तर बाळंतीण झोळीतून खाली आणावी लागते. या रस्त्यांना डांबर लागलंच पाहिजे. आपण आपली वाट दुसरीकडे शोधावी: ज्या पाणंदीनं फक्त शेतात जायचं असतं, जिथं एसटी कधीच जाणार नाही, तिथं.

तुकड्यापुढं लिहिलं: ख, सप्टेंबर, पुढच्या वर्षी डां. पर्यायी पाणंद नदीच्या अंगानं, गाव नकाशावर दुहेरी रेघ आहे, बघायची.

१९ ऑक्टोबर

नदीकडची पाणंद निघाली, आणि चांगली निघाली. म, मधेमधे गवत, दोन ओढे. ओढ्यात फरशी नाही, पण पाणी घोट्याइतकंच. जानेवारीत कोरडे असतील. भात पोटरीतून बाहेर पडून वाकलाय, काही ठिकाणी कापणी सुरू.

अंबवड्याला झुलता पूल, संस्थानच्या काळातला. सायकल हातात धरून पलीकडं नागेश्वराच्या देवळापाशी. भोर संस्थान पंतसचिवांचं; घराण्याचे मूळ पुरुष शंकराजी नारायण यांची समाधी इथंच, आणि कान्होजी जेध्यांचीही. हा सगळा रोहिड खोऱ्याचा मुलूख. थोडं आडवाटेला शिंद आहे, बाजीप्रभू देशपांड्यांचं. ग्रुपमध्ये एकाला इतिहासाचं फार वेड आहे, त्याला आवरण्यासाठी अंबवड्याला तासभर राखून ठेवला.

तिथून कोर्ल्यावरून रायरेश्वराच्या पायथ्याला. चढ सलग आणि उभा, रस्ता बराचसा पक्का. ३४ ची चकती इथं वसूल झाली. शेवटी लोखंडी शिडी, त्यामुळं सायकल खालीच. वर पठारावर जंगमांची घरं, सात रंगांची म्हणून दाखवतात ती माती, आणि १६४५ च्या शपथेची परंपरा सांगणारं देऊळ. वरच्या लोकांनी ट्रॅक्टर सुटा करून, भाग डोक्याखांद्यावर वाहून वर नेऊन जोडला. त्यांच्यासमोर सायकलीच्या वजनाबद्दल बोलायचं नाही.

आता मुख्य प्रश्न. रायरेश्वर आणि केंजळगडाच्या मधल्या खिंडीतून थेट वाईच्या बाजूला उतरलं तर मांढरदेवीचा वळसा वाचतो. कागदावर मोह होतोच. गाव नकाशावर मात्र एकेरी रेघ, आणि जागेवर अर्धा तास उतरून बघितलं तर खरंच पायवाट: कातळातल्या पायऱ्या, कारवीची झुडपं, वळणावर पाय ठेवायला जेमतेम जागा. डोक्यावर ओझं घेतलेला माणूस इथून शतकानुशतकं चढत-उतरत आलाय; गाडी कधीच आली नाही.

यातून पुढच्या आखणीचा नियम मिळाला. भरल्या गाडीचा बैल ज्या चढाला मान टाकत नाही, तिथं हलक्या गिअरची सायकल चढते. बैलाला वळायला लागते तेवढी जागा सायकलीला उतरताना पुरते. जुन्या माणसांनी चढ मोजला नव्हता, बैलाला विचारून वाट पाडली होती. दुहेरी रेघ घ्यायची, एकेरी सोडायची. खिंड रद्द, रायरेश्वर पहिल्या दिवशीचा जादा फेरा म्हणून, ज्याला हवा त्यानं.

९ नोव्हेंबर

भोर ते वाई, मांढरदेवीमार्गे. घाट डांबरी, त्याला इलाज नाही. पायथ्यापर्यंतचं मात्र बरंचसं पाणंदीनं जमलं. भोरच्या बाजूनं चढताना सावली कमी, म्हणून सातच्या आत भोर सोडायचं. माथ्याची उंची साडेचार हजार फुटांच्या वर, आणि वारा असा की घामानं भिजलेला शर्ट मिनिटात गार. विंडचीटर सगळ्यांना सक्तीचा.

कठड्याला टेकून डबा खाल्ला. दोन्हीकडं दोन खोरी: मागं नीरेचं, पुढं कृष्णेचं. भोरकडं भाताचे पिवळे तुकडे. वाईकडं ऊस आणि हळदीची हिरवी चादर. पाऊस पश्चिमेकडून येताना किती झपाट्यानं ओसरतो हे असं एका जागी क्वचितच दिसतं. माती आणि वाटही याच रेषेवर बदलते. भोरकडं चिकण, वाईकडं कोरडा मुरूम आणि काटे.

उतार: यांत्रिक, म्हणजे तारेवर चालणारे, डिस्क ब्रेक, पॅड नवे. वळणाआधी ब्रेक, वळणात सोडायचा. वाळलेली पानं आणि जीपगाड्यांनी वळणाच्या आतल्या कडेला फेकलेली बारीक खडी, यांवर पुढचा ब्रेक लावायचा नाही.

१० नोव्हेंबर

वाई. ढोल्या गणपतीच्या मागच्या बाजूला जाऊन भिंत बघितली. देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली बांधलं, कृष्णेच्या अगदी पात्राला लागून. म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची केली, पुराचं पाणी धडकण्याऐवजी फाटून दोन्ही अंगांनी निघून जावं. लोक पुढून मूर्ती बघून जातात, आणि खरी करामत पाठीमागं आहे. सायकली लावून तिथं दहा मिनिटं थांबायचं असं फाईलमध्ये लिहिलंय.

सकाळी घाटावर वर्दळ, पलीकडं भाजीबाजार. अरुंद बोळांतून सायकल हातात धरावी. मेणवली तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, मागं चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, आणि बाजूला टांगलेली पोर्तुगीज घंटा: वसईच्या १७३९ च्या मोहिमेतून आलेली, अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल. गंमत अशी की आपल्या मार्गाच्या सुरुवातीला, नसरापूरजवळच्या बनेश्वराच्या देवळातही वसईचीच घंटा आहे, तिच्यावर क्रूस आणि १६८३. दोन घंटा, दोन टोकं. हे आखून केलेलं नाही, पण आता तीच मार्गाची हद्द ठरवली.

मेणवली ते धोम, कालव्याच्या आणि उसाच्या मधून म. धोमच्या देवळातला नंदी कासवाच्या पाठीवर, भोवती कमळाच्या आकाराचं कुंड. पुढं धरणाच्या काठानं जेवढं जाता आलं तेवढं गेलो; आत बंगल्यांची कुंपणं वाढलीत, काही जुन्या वाटा फाटकाशी संपतात. परत फिरायची जागा नकाशावर खूण करून ठेवली.

मागच्या टायरात सराटे मोजायचं सोडून दिलं. सीलंटनं सगळे झेलले.

८ डिसेंबर

गळीत हंगाम जोरात. उसाच्या जोडट्रॉल्या सकाळी उशिरा आणि संध्याकाळी. मागून आल्या तर वाट द्यायला साइडपट्टी नसते, आणि ट्रॅक्टरवाल्याला गाण्यांच्या आवाजात घंटी ऐकू येत नाही. वाईनंतरचा टप्पा सकाळी नऊच्या आत संपवायचा.

तारीख पक्की: २४ ते २६ जानेवारी. मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा पौष पौर्णिमेला, म्हणजे १३ जानेवारीला, आणि तिची गर्दी आगेमागे बरेच दिवस असते. २००५ च्या यात्रेतल्या चेंगराचेंगरीत शेकडो भाविक गेले, तेव्हापासून बंदोबस्त कडक असतो. त्यात सायकली घुसवून पोलिसांच्या आणि भाविकांच्या कामात मोडता घालायचा नाही. मंगळवार-शुक्रवार देवीचे वार, म्हणून शुक्रवारी भोरला आणि शनिवारी घाटात.

२७ जानेवारी २०२५

झालं. सगळे सायकलीवर गेले, सायकलीवरच वाईत आले. परतीला पिकअप ठरवला होता.

दुरुस्त्या: नदीकडच्या पाणंदीत दुसरा ओढा कोरडा होता, पण कुणीतरी जेसीबीनं पात्र खोल केलंय, सायकल हातानं उतरवावी लागते. सप्टेंबरात खडी असलेला रस्ता डांबरी झालाय, आणि त्यावर एसटी दिसली, जवळपास रिकामी. काकांना सांगायला हवं होतं, पण ते शेतावर होते. अंबवड्याला तास पुरला नाही, दीड लिहिलाय. एकाचं सीलंट आटलेलं, दोन महिन्यांचा नियम त्यानं ऐकला नव्हता. मेणवलीच्या अलीकडं वडाखाली ट्यूब टाकली. पन्नाशीवाल्या दोघांनी घाट न थांबता काढला. थांबलो मी, फोटोसाठी असं सांगून.

पुढं: राजगड तालुक्यातल्या, म्हणजे जुन्या वेल्ह्यातल्या, गावांचे नकाशे मागवलेत. तोरण्याच्या पायथ्याला दुहेरी रेघा बऱ्याच दिसतात. मे महिन्यात एकदा कोरड्यात बघायचं, मग जूनमध्ये चिखलात.